डोक्याच्या ‘सोनोग्राफी’ने नैराश्य बरं होतं का?

अमळनेर तालुक्यातल्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा मोठा भाऊ, वय ४३, चोपड्याकडे केळी करतो. दोन वर्षांपूर्वी वादळात निसवलेली बाग आडवी झाली, तेव्हापासून तो उदास आहे. दोन डॉक्टर झाले, दोन औषधं झाली, फरक नाही. मागच्या आठवड्यात मोबाइलवर एक व्हिडिओ आला. डोक्याला टोपीसारखं यंत्र लावून अल्ट्रासाऊंड देतात आणि नैराश्य जातं, असं त्यात होतं. ताईंनी एका मोठ्या शहरातल्या केंद्राला फोन केला. तिथे १५ बैठकांचे पावणेदोन लाख सांगितले. ‘तुमच्या भावाचं डिप्रेशन औषधाला दाद न देणारं आहे’ हेही फोनवरच सांगून टाकलं. वहिनी गळ्यातली पोत गहाण ठेवायला तयार आहेत. ताई विचारतात, ‘करू का?’ सोबत भावाच्या दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो आहेत.

ताई, पोत गहाण ठेवू नका. अल्ट्रासाऊंडची कल्पना खोटी नाही. त्यामागे चांगलं शास्त्र आहे आणि माझं स्वतःचं त्याकडे फार आशेने लक्ष असतं. पण नैराश्यावरचा मान्य उपचार म्हणून तो अजून ना आपल्याकडे आला आहे, ना अमेरिकेत. आज त्याची जागा चाचणीत आहे, दरपत्रकात नाही. आणि दुसरी गोष्ट मला चिठ्ठ्यांचे फोटो पाहून जास्त लागली. तुमच्या दादाला औषध लागू पडत नाही असं म्हणायला अजून काही आधारच नाही. त्याकडे मी पुढे येतोच.

मी चोवीस वर्षं जळगावात मानसोपचार करतो. आपल्याकडे ‘सोनोग्राफी’ म्हटलं की लोकांना गरोदर बाई आठवते नाहीतर मुतखडा. म्हणून तिथूनच सुरुवात करतो. पोटावर जेल लावतात, दांडा फिरवतात आणि पडद्यावर चित्र येतं. तो दांडा आपल्याला ऐकू न येणारा आवाज, म्हणजेच अल्ट्रासाऊंड, आत पाठवतो आणि परत येणारा पडसाद ऐकतो. माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. पोटाच्या सोनोग्राफीतला आवाज ३५ लाखांच्या आसपास हर्ट्झचा असतो. तोच आवाज डोक्यावर लावला तर कवटीचं हाड त्यातला बहुतेक पिऊन टाकतं. म्हणून मेंदूसाठी त्याहून बराच खालचा सूर वापरावा लागतो, पाच लाख हर्ट्झच्या आसपासचा. तो हाडातून बऱ्यापैकी पार होतो.

पण नुसता पार होऊन भागत नाही, तो एका जागी गोळाही व्हायला हवा. लहानपणी आपण भिंगातून ऊन धरून कापसाचा बोळा पेटवायचो ना? ऊन सगळीकडे सारखंच, पण भिंगाखालच्या त्या एका ठिपक्यावर कापूस काळा पडायचा. अल्ट्रासाऊंडही असाच एका ठिपक्यावर आणता येतो. तो ठिपका काही मिलिमीटर रुंद आणि थोडा लांबट असतो. वाटेतल्या मेंदूला फारसं काही होत नाही, ठिपक्यावर मात्र लाटा एकवटतात.

इथे एक घोटाळा होतो आणि तुमच्या त्या व्हिडिओतही बहुधा तोच झाला असावा. याच भिंगाचे दोन अगदी वेगळे वापर आहेत. एकात खरोखर जाळतात. हाताला कंप सुटणाऱ्या एका आजारात, ज्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात, मेंदूतला थॅलॅमसचा छोटा भाग तीव्र अल्ट्रासाऊंडने तापवून कायमचा निकामी करतात. अमेरिकेत औषधांना आणि यंत्रांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये त्याला मान्यता दिली. हे एमआरआय यंत्राच्या आत होतं आणि रुग्णाच्या हातातला पेला तिथल्या तिथे थरथरायचा थांबलेला दिसतो. त्याची दृश्यं बघून डोळ्यांत पाणी येतं, मलाही आलं होतं. पण नैराश्यासाठी ज्याची चाचणी चालू आहे तो दुसरा वापर आहे, कमी तीव्रतेचा. त्यात जाळायचं काहीच नसतं. संशोधकांनी स्वतःला घालून घेतलेली मर्यादा अशी की मेंदूचं तापमान दोन अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याहून पुष्कळच कमी वाढतं. पहिल्याचा व्हिडिओ दाखवून दुसऱ्याचे पैसे घेणं हा अन्याय आहे.

मग जाळत नाही, तर करतो काय? मेंदूच्या पेशीच्या आवरणात बारीक दारं असतात. त्यातली काही दारं ताण पडला, ढकललं गेलं की उघडतात. लाटेच्या दाबाने ती उघडतात, कॅल्शियमसारखे भारित कण आत शिरतात आणि पेशी जागी होते. लाटेची ठेवण बदलली तर तोच भाग शांतही करता येतो, असं दिसतं. ही कल्पना आजची नाही. विल्यम फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये मांजराच्या मेंदूत दाखवलं होतं की अल्ट्रासाऊंडने दृष्टीचा संदेश थोडा वेळ दाबता येतो आणि नंतर तो परत येतो. मग हा विषय बराच काळ मागे पडला. २००८ मध्ये विल्यम टायलर यांच्या गटाने उंदराच्या मेंदूच्या चकत्यांमध्ये हलक्या अल्ट्रासाऊंडने पेशी उत्तेजित केल्या आणि दार पुन्हा उघडलं. २०१४ पर्यंत माणसाच्या मेंदूवर त्याचा परिणाम मोजून झाला होता.

आता नैराश्याचं. मला या गोष्टीची ओढ का वाटते, ते सांगतो.

नैराश्यात मेंदूच्या कुठल्या भागात काय बिघडतं याचे काही धागे आज हातात आहेत. कपाळाच्या मागे, बरंच खोल, मधोमध एक जागा आहे. नकाशात तिला क्षेत्र २५ म्हणतात. खोल दुःखात ती जास्त पेटलेली दिसते आणि माणूस बरा झाला की शांत होते. २००५ मध्ये टोरांटोत हेलन मेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कुठल्याच उपचाराला दाद न देणाऱ्या सहा रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रिया करून तिथपर्यंत तार नेली आणि वीज दिली. सहापैकी चौघांना टिकाऊ आराम पडला. जगभर आनंद झाला. पुढे ९० रुग्णांवर नीट तुलना करणारी चाचणी झाली, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत चालू तार आणि बंद तार यांत ठरवून सांगता येईल असा फरक निघाला नाही. हा प्रसंग मी कधी विसरत नाही. नवीन उपचाराच्या पहिल्या बातमीने मन उचंबळतं तेव्हा मला ते नव्वद जण आठवतात.

तरीही ती जागा महत्त्वाची आहेच. अडचण तिथे पोचण्याची आहे. चुंबकाने मेंदू उत्तेजित करणारा उपचार, टीएमएस, दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच नीट काम करतो. खोल जायचं तर कवटीला भोक पाडून तार घालावी लागते. अल्ट्रासाऊंड हा असा पहिला मार्ग आहे की ज्यात चीर न देता, भूल न देता, खोलवरच्या काही मिलिमीटरच्या जागेला हात लावता येईल. म्हणून आमच्यासारख्यांचा जीव त्यात गुंतला आहे.

अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या गटाने नेमकं हेच केलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना यंत्राचे दोन पट्टे बसवायचे. आधी एका बाजूने सोडलेला आवाज दुसऱ्या बाजूला किती पोचला हे मोजायचं, म्हणजे या माणसाच्या कवटीने आणि केसांनी किती गिळला ते कळतं. मग तेवढी भर घालून क्षेत्र २५ वर मारा करायचा. त्यांची २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी २२ जणांवर होती आणि खऱ्या उपचाराची तुलना खोट्या उपचाराशी केली होती. निकाल उत्साह वाढवणारा होता. अॅरिझोनातल्या गटाने २० जणांना तीन आठवड्यांत जास्तीत जास्त ११ बैठका दिल्या. मेंदूचा जो भाग माणसाला स्वतःच्याच विचारात फिरवत ठेवतो, त्यावर त्यांचा रोख होता. तिथेही नैराश्य मोजणाऱ्या पट्टीवरचे गुण उतरले, पण त्या चाचणीत खोटा उपचार दिलेला गट नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं की आपल्याला खरा उपचार मिळतो आहे. टेक्सासमध्ये भीतीशी जोडलेल्या अमिग्डलावर तीन आठवडे रोज उपचार देऊन पाहिले आहेत. याआधी २०२० मध्ये विद्यार्थ्यांवरच्या एका छोट्या चाचणीत मात्र चिंतेचं चर्वण कमी झालं, नैराश्याच्या गुणांत फरक पडला नाही.

वीस, बावीस. आपल्या गावातल्या पारावर एका संध्याकाळी याहून जास्त माणसं बसतात.

खोट्या उपचाराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. नैराश्याच्या औषधांच्या चाचण्यांत नुसती पिठाची गोळी दिलेल्यांपैकीही साधारण तिसरा हिस्सा सुधारतो. ते ढोंग नसतं. कुणीतरी रोज विचारपूस करतं, घरचे सोबत येतात, आशा निर्माण होते, आणि काही जणांत आजार आपणहून ओसरतही असतो. आता विचार करा: चकचकीत खोली, डोक्यावर यंत्र, पांढऱ्या कोटातली माणसं, रोज गाडी करून जाणं. तिथे ही आशा किती पटीने वाढत असेल! म्हणून निम्म्या लोकांना यंत्र लावून आवाज न सोडता तुलना करावी लागते. अल्ट्रासाऊंडमध्ये आणखी एक गुंता आहे. तो स्वतः ऐकू येत नाही, पण तो थांबून थांबून सोडतात तेव्हा त्या थांबण्या-सुरू होण्याची बारीक गुणगुण कवटीतून कानाला जाणवू शकते. २०१८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी प्राण्यांमध्ये दाखवलं की ‘अल्ट्रासाऊंडने मेंदू जागा झाला’ असं जे वाटत होतं त्यातला बराच भाग हा ऐकण्याच्या वाटेने आलेला होता. त्यानंतर चांगले गट कानाला झाकणारा आवाज लावूनच चाचणी करतात. या शास्त्रातल्या लोकांनी स्वतःचीच चूक शोधून काढली, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास जास्त आहे.

आता तुमच्या त्या केंद्राकडे वळू. मी त्यांना ओळखत नाही. पण तुम्ही फोनवर काही गोष्टी विचारा. दादाच्या डोक्याचा एमआरआय किंवा सीटी काढून त्यावरून निशाणा ठरवणार का? कवटीची जाडी प्रत्येकाची वेगळी, एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या बाजूलाही फरक असतो. चित्र न काढता नुसता पट्टा बांधला तर आवाज नेमका कुठे पडला हे सांगणारं कुणी नाही. मग विचारा, ही चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय क्रमांक काय? भारतात होणाऱ्या प्रत्येक क्लिनिकल चाचणीची नोंद या सरकारी यादीत असते आणि ती घरबसल्या मोबाइलवर बघता येते. नीतिसमितीची मंजुरी असते, मराठीत संमतिपत्र मिळतं, काही इजा झाली तर भरपाईची तरतूद असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: जो उपचार अजून सिद्ध व्हायचा आहे, त्याच्या चाचणीत रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेत नाहीत. त्यांनी पैसे मागितले तर ती चाचणी नाही. आणि चाचणी नसेल तर तो मान्य उपचार असायला हवा, आणि तोही नाही. या दोन्हींच्या मधल्या जागेत तुमची पोत जाते.

आता दादाच्या चिठ्ठ्या.

पहिल्या चिठ्ठीवर एस्सिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅम आहे आणि झोपेसाठी एक हलकी गोळी. तुम्ही लिहिलंय की तीन आठवडे घेतली आणि ‘काही फरक नाही’ म्हणून बंद केली. दुसरी सर्ट्रालिन २५, एक महिना. ताई, या दोन्ही सुरुवातीच्या मात्रा आहेत. पोट बिघडू नये, घाबरं होऊ नये म्हणून आम्ही इथून सुरू करतो आणि वाढवत नेतो. एस्सिटालोप्रॅम बहुतेकांना १० ते २० लागते, सर्ट्रालिन ५० पासून २०० पर्यंत. आणि पुरेशा मात्रेवर सहा आठवडे तरी द्यावे लागतात, तेव्हा कुठे म्हणता येतं की हे औषध याला लागलं की नाही. अशी दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेशा काळ घेऊनही आराम नसेल तर त्याला आम्ही ‘औषधाला दाद न देणारं’ म्हणतो. तुमच्या दादाचं एकही औषध तिथवर पोचलेलं नाही. फोनवरच्या माणसाने चिठ्ठी न बघता शिक्का मारला.

यात डॉक्टरांचा दोष आहे असं मी म्हणत नाही. बहुधा त्यांनी ‘पंधरा दिवसांनी परत या’ सांगितलं असेल आणि केळीच्या कापणीत, व्यापाऱ्याच्या मागे फिरण्यात ते राहून गेलं असेल. आपल्याकडे असंच होतं. माझ्याकडे जिनिंगवर हमाली करणारा एक माणूस यायचा. ‘डॉक्टर, माले काहीच गोड लागत नही,’ एवढंच म्हणायचा. तीन महिने औषध चालू, सुधारणा नाही. मी मात्रा वाढवायला पेन उचललं आणि कसं कोण जाणे, थांबलो. म्हटलं, पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन ये. तो कॅरीबॅग घेऊन आला आणि टेबलावर उलटी केली. आम्ही दोघांनी मिळून मोजल्या. महिन्याच्या ३० पैकी १९ शिल्लक. ‘ज्या दिवशी लई खराब वाटतं त्या दिवशी घेतो, डोकेदुखीसारखी.’ त्याला कुणीच सांगितलं नव्हतं की ही गोळी रोजची आहे, बरं वाटलं तरी घ्यायची आहे. चूक माझी होती. मी सांगितलं असेल, पण त्याला समजलं की नाही हे विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून त्याच्या बायकोने गोळी रात्रीच्या भाकरीच्या ताटात ठेवायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी तो आला तेव्हा त्याने स्वतःहून शेवभाजीचा विषय काढला. कुठल्या धाब्यावरची चांगली लागते ते सांगत बसला. मला तेवढं पुरेसं होतं.

दादाला पुन्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्याल तेव्हा एक गोष्ट आठवणीने सांगा. आयुष्यात कधी आठ-दहा दिवस असे आले होते का, की दादा रात्री दोन-तीन तासच झोपला तरी थकला नाही, बोलणं थांबेना, उधारीवर मोठमोठे सौदे केले? तसं असेल तर हा आजार वेगळा, द्विध्रुवी असू शकतो आणि मग नुसती नैराश्याची गोळी काम करत नाही, कधी उलटंही होतं. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. घरात माळकरी जेवण असेल तर बी-१२ हमखास बघा. दारूबद्दल लपवू नका, डॉक्टर रागावणार नाहीत.

समुपदेशन म्हणजे नुसतं ‘धीर धर’ नव्हे, हेही त्याला समजावून सांगा. बाग आडवी झाल्यापासून तो पिलबागेकडे, म्हणजे पिलांपासून पुन्हा आलेल्या केळीकडे, फिरकला नाही, असं तुम्ही लिहिलंय. रोज सकाळी ठरल्या वेळी, मन असो नसो, एक फेरी मारायची, एवढ्या छोट्या गोष्टीपासून आम्ही सुरुवात करतो. त्यालाही उपचार म्हणतात आणि त्याचा पुरावा भक्कम आहे.

आणि हे सगळं नीट करूनही दाद मिळाली नाही तर? तेव्हाही आज हाताशी असलेले, सिद्ध झालेले मार्ग आहेत. टीएमएसला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली, आपल्याकडे मोठ्या शहरांत तो मिळतो. पूर्वी त्याची एक बैठक ३७ मिनिटांची असे. २०१८ मध्ये कॅनडात ४१४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन मिनिटांची बैठकही त्याच्याइतकीच उपयोगी ठरली. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे, म्हणजे राहण्याची सोय बघावी लागते. आणि ईसीटी, ज्याला लोक ‘शॉक’ म्हणतात. सिनेमाने त्याचं नाव फार खराब केलं आहे. तो पूर्ण भूल देऊन, स्नायू सैल करणारं इंजेक्शन देऊनच करतात. भुलीशिवाय करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदीच घातली आहे. काही काळ आठवण कच्ची होते, हे खरं. पण खाणंपिणं सोडलेल्या, मरणाच्या दारात पोचलेल्या माणसाला दोन-तीन आठवड्यांत उठवून बसवणारा याच्याइतका उपाय माझ्या माहितीत नाही. अल्ट्रासाऊंडला एक दिवस याच्याशी तुलना करून उभं राहावं लागेल. ते व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण तेव्हा भूलही नको आणि विसरणंही नको.

तुमच्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ मी परत परत वाचली. ‘दादा म्हणतो, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास.’ हे वाक्य साधं समजू नका. आज संध्याकाळीच त्याच्या जवळ बसा आणि सरळ विचारा, ‘दादा, जीव नकोसा होतो का? मरणाचे विचार येतात का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्याने ओढलेलं ओझं बोलता येतं. फवारणीची औषधं घरात किंवा मळ्यातल्या खोलीत असतील तर आजच तिथून हलवा, चुलत्यांकडे किंवा शेजारी कुलपात ठेवा आणि किल्ली दादाकडे देऊ नका. शेतकरी घरात या एका गोष्टीने जीव वाचतात. तो ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि दिवस न बघता दवाखान्यात न्या. रात्री-अपरात्री १४४१६ वर फोन करा. तो सरकारचा टेलि-मानस आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. दादाने नाही केला तर तुम्ही करा.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तुम्हाला जे सोयीचं पडेल तिथल्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात जा, किंवा आधीच्या डॉक्टरांकडेच परत जा आणि मात्रेबद्दल, किती आठवडे घ्यायची याबद्दल स्पष्ट विचारा. जाताना वहिनींना सोबत घ्या, दोन्ही चिठ्ठ्या घ्या आणि घरात उरलेल्या सगळ्या गोळ्या, अर्धवट पाकिटांसकट, एका पिशवीत घालून न्या.